डोकं तुझं, रंग माझा

“आई, हे तू वाचलंयस का?”

अनुजा दुकानाच्या पत्र्याच्या दारासमोर वाकून उभी होती. शनिवारची दुपार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सायकलची जिल्हा निवड स्पर्धा, आणि ही पोरगी चेनला तेल द्यायचं सोडून दार वाचत बसलेली.

“मला इंग्रजी वाचता आलं असतं तर मी टाक्या घासत बसले असते व्हय?” मी म्हटलं. माझ्या हातात एका मोटरसायकलची टाकी आणि ओला पॉलिश पेपर होता.

“थट्टा नको करू. इकडं ये.”

“तूच वाच आणि सांग. माझे हात भरलेत.”

त्या दारावर आमच्याकडं रंगायला आलेल्या गाड्यांची स्टिकरं होती. ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची शिस्त. रंग मारायच्या आधी गाडीवरचं एकूण एक स्टिकर उतरवायचं, तेही न फाडता, आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. स्टिकरवरनंच रंग फवारून मोकळे होणारे रंगारी मिरज रस्त्याला पैशाला पासरी मिळायचे. आम्ही त्यातले नव्हतो. अण्णा गेल्यावर दुकान मी चालवायला घेतलं, तेव्हा गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या खांद्यावरनं आत बघत विचारायचं, “मिस्त्री कुठं हायत?” मी म्हणायची, “तुमच्या समोर.” निम्मे तिथनंच परत जायचे. उरलेल्या निम्म्यांच्या गाड्यांवर मी नाव कमावलं होतं.

अनुजा वाचत होती ती काड्यापेटीएवढी सात पांढरी स्टिकरं होती. सातही एकसारखी. पंधरा दिवसांपूर्वी मी ती सायकलच्या हेल्मेटांवरनं काढली होती.

“‘यावर रंग, थिनर, पेट्रोल लावू नये,’” ती एकेक शब्द मराठीत आणत म्हणाली. “‘लावल्यास हेल्मेटची ताकद जाते. झालेलं नुकसान बाहेरून दिसत नाही.’”

मी टाकी घासत राहिले.

“ऐकलंस का?”

“ऐकलं. कंपन्या काय वाट्टेल ते लिहितात. खोकल्याच्या बाटलीवरबी लिहिलेलं असतंय, गाडी चालवू नका म्हणून. तुझा मामा दोन चमचे पिऊन पुण्याला जाऊन येतोय.”

“आई, तू थिनर लावलंस का त्यांना?”

आता मात्र मी टाकी खाली ठेवली. थिनर लावलंस का? हे म्हणजे स्वयंपाकिणीला मीठ घातलंस का विचारण्यासारखं झालं. अण्णा सांगायचे, थिनरनं पुसल्याशिवाय जो रंग मारतो तो रंगारी नव्हे, लुच्चा. हाताचं तेल, धूळ, जुन्या स्टिकरचा डिंक, सगळं थिनरच्या फडक्यानं निघालं पाहिजे. कुणी बघत नसलं तरी. मी एकदा नाही, दोनदा पुसलं होतं. पोरींचं काम म्हणून.

ती हेल्मेटं भोकरे सरांनी आणली होती. सर कॉलेजात खेळ शिकवायचे आणि दोन वर्षं अनुजासकट सहा पोरींना पहाटे रस्त्यावर सायकली पळवायला लावत होते. पुण्याच्या कुठल्याशा क्लबनं वापरलेली आठ हेल्मेटं त्यांना देऊन टाकली. एक लाल, एक पिवळं, एक पोपटी, ओरखड्यांनी भरलेली. आधीच्या स्पर्धेत कुणीतरी ओरडलं होतं, ‘बॅन्डवाले आले रे!’ पोरी रडकुंडीला आल्या. मग सर माझ्याकडं आले. “मालनताई, सगळी एका रंगात करून द्या. संघ दिसला पाहिजे.” एकाचं बक्कल तुटलं होतं, ते मी बाजूला ठेवलं. उरलेल्या सातांना गर्द निळ्या रंगाचे तीन हात दिले आणि वर चकाकीला लॅकर. सहा सर घेऊन गेले. सातवं जादाचं होतं, ते नमुना म्हणून दुकानाच्या तोंडाशी टांगलं. येणारा-जाणारा बोट लावून बघायचा.

“तुला तुझ्या आईच्या कामावर भरवसा नाही का?” मी विचारलं.

“कामावर आहे. थिनरवर नाही.”

“बरं. हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता दाखवते.”

शेजारच्या किराणा दुकानातनं मी दोन नारळ आणले. एक चिंध्यांत गुंडाळून बक्कल तुटलेल्या, न रंगवलेल्या हेल्मेटात घट्ट बसवला आणि सुतळीनं बांधला. दुसरा माझ्या निळ्या हेल्मेटात. शिडी लावून मी पत्र्यावर चढले. अनुजा खाली लांब उभी राहिली. रस्त्यावरचे दोघं-चौघं थांबले, मिस्त्रीणबाई काय करतीय बघायला. मला ते बरंच वाटलं. बघू देत की.

पहिलं मी ते जुनं पोपटी सोडलं. ठप्पकन आवाज झाला, एकदा उसळलं आणि गडगडत गटाराकडं गेलं. अनुजानं उचलून सुतळी सोडली. नारळ जसाच्या तसा.

“आता माझं बघ,” मी वरनं ओरडले आणि निळं सोडलं.

आवाजच वेगळा आला. पापड मोडल्यासारखा. हेल्मेटाच्या भोकांतनं पाणी गळायला लागलं आणि क्षणभर मला कळेचना हे पाणी कुठलं. मग कळलं, नारळाचं. मी शिडीवरनं कशी उतरले ते मला आठवत नाही. वरचं कवच मधोमध तडकलं होतं, अण्णांच्या शिस्तीतल्या तिन्ही हातांसकट. रस्त्यावर एक जण हसला. “मिस्त्रीण, परसाद वाट आता!”

“एकच आहे,” अनुजा हळूच म्हणाली. “जुनं असेल.” ती माझी समजूत घालत होती आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी हेल्मेटाच्या आतल्या मऊ गाद्या उपटल्या. खाली थर्माकोल होता. थिनर थर्माकोलला खातो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रंगाऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरगंही ते सांगेल. म्हणून तर मी आतून कागद लावला होता, टेप मारली होती, गाडीच्या काचेला लावतात तशी. पण भोकांच्या कडेला माझं ओलं फडकं जिथं जिथं फिरलं होतं, तिथं तिथं थिनर आत झिरपला होता. थर्माकोल वाळवीनं खाल्ल्यासारखा पोकळ झाला होता. मी बोट लावलं तर आत गेलं. चकचकीत लॅकरच्या खाली हे असं. आणि फडकं मी दोनदा फिरवलं होतं.

मी पायरीवर बसले. रडले वगैरे नाही. मला स्वतःची चीड आली होती आणि चिडल्यावर मला रडता येत नाही.

“सरांना सांगायला पाहिजे,” मी म्हटलं.

“सर काय करणार?” अनुजा म्हणाली. “उद्या नऊला स्पर्धा आहे. पहिल्या तिघी शिबिराला जाणार. हेल्मेट नसलं तर पंच सोडतच नाहीत.” मग जरा थांबून म्हणाली, “आई, मी पडत नाही गं. दोन वर्षांत एकदा पडलेय.”

“मग वाचून दाखवलंस कशाला?”

ती चेनला तेल द्यायला निघून गेली.

भोकरे सर घरीच होते, अंगणात एका सायकलचं चाक सरळ करत. मी फुटलेलं हेल्मेट त्यांच्यासमोर ठेवलं, गाद्या काढून थर्माकोल दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी बोट घालून बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. माणूस वाईट नव्हता. पण मग त्यांनी चाक पुन्हा हातात घेतलं.

“मालनताई, उद्याच्या दिवसाला सहा हेल्मेटं कुठनं आणू मी?”

“ते मला माहीत नाही. पण ही घालायची नाहीत.”

“रस्ता मोकळा असतो. पुढं पोलीस, मागं रुग्णवाहिका. वीस किलोमीटरचा तर प्रश्न आहे. सोमवारी सगळी टाकून देऊ. मी शब्द देतो.”

“आणि रविवारी?”

त्यांनी चाक फिरवलं, कान देऊन ऐकलं. “राजश्रीचा बाप तिला फक्त उद्यापर्यंत सायकल देणार आहे. निवड झाली तर पुढं, नाहीतर बंद. तुमची अनुजाही तिघींत बसू शकते. हे सगळं एका डब्यातल्या थिनरपायी घालवायचं का? बाहेर कुणाला काही कळलेलं नाही. तुमचंही नाव आहे बाजारात. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“त्या मुठीत पोरींची डोकी हायत, सर.”

“हेल्मेटं माझ्या ताब्यात आहेत आणि संघही माझा आहे,” सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण दार लागलं होतं. “तुम्ही उद्या टाळ्या वाजवायला या.”

मी गेले. पण पिशवीत डेंटिंगची हातोडी घेऊन गेले.

सकाळी साडेआठलाच बायपासवर गर्दी होती. मुलांची शर्यत नुकतीच संपली होती आणि पोरं रस्त्याच्या कडेला केळी खात बसली होती. सुरुवातीच्या पांढऱ्या पट्टीजवळ आमच्या सहा पोरी ओळीनं उभ्या होत्या, राजश्री पहिली, अनुजा शेवटी. हेल्मेटं हातात, कारण पंच आधी तपासायचे. मी अनुजाकडं बघितलं, तिनं मान वळवली.

पंच म्हणजे एक उंच, वाळलेले गृहस्थ, गळ्यात शिट्टी. त्यांनी राजश्रीचं हेल्मेट घेतलं, बक्कल लावून बघितलं, ओढून बघितलं, आणि मग ते उन्हात धरून फिरवलं.

“वा! नवीन घेतली काय, भोकरे?”

“नाही, रंगवून घेतली,” सर माझ्याकडं न बघता म्हणाले.

“काय सांगता? एकदम कंपनी फिनिश! कोण कारागीर?”

खरं सांगते, हे शब्द ऐकायला मी वीस वर्षं थांबले होते. कंपनी फिनिश. गिऱ्हाईकं भाव पाडायची, नाक मुरडायची, बाईच्या हाताला स्प्रे गन पेलते का म्हणायची, पण हे दोन शब्द कुणी कधी तोंडातनं काढले नव्हते. आणि ते आले ते चारशे माणसांसमोर, त्याच सहा हेल्मेटांसाठी. मला ते शब्द हवे होते. अजूनही हवेत. म्हणून तर मला इतका संताप आला.

“मी कारागीर,” मी पुढं होत म्हटलं. “मालन लोहार. नाव लिहून घ्या.”

पंच हसले. “अरे वा, ताई, बाईमाणूस असून…”

मी त्यांच्या हातातलं हेल्मेट घेतलं, रस्त्यावर ठेवलं आणि हातोडी घातली. एका घावात फुटलं. गर्दीतनं एकदम ‘ए!’ असा आवाज आला. मी तुकडा उचलून पंचांच्या हातात दिला.

“बोट घाला आत. घाला की. हे माझ्या थिनरनं खाल्लंय. सहाच्या सहा अशीच हायत. रंगवलं मी, बिघडवलं मी. ही पोरींच्या डोक्यावर चढणार नाहीत.”

“मालनताई!” सर धावत आले. “काय चाललंय तुमचं?”

“तुम्हाला काल सांगितलंय, सर.”

मी ओळीनं निघाले. दुसरीनं मुकाट्यानं दिलं. तिसरी रडायला लागली, पण तिनंही दिलं. हातोडी पडत होती आणि निळे तुकडे डांबरावर उडत होते. सर मध्ये आले नाहीत. हातोडीच्या मध्ये कोण येतंय?

शेवटी अनुजा. तिनं हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा लावला होता.

“दे.”

“नाही.”

“अनुजा, दे.”

“माझं डोकं आहे,” ती दातओठ खात म्हणाली. डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. “मला माहितीय आत काय आहे. मी बघितलंय. माझं मी ठरवते.”

“डोकं तुझं. रंग माझा हाय.”

मी तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला. तिनं माझं मनगट धरलं. सोळा वर्षांची पोर, पण हँडल धरून धरून पंजा असा कणखर झालेला की माझी बोटं पांढरी पडली. सगळे बघत होते. शेवटी मी ते तिच्या डोक्यावरनं ओढूनच काढलं. तिचे केस त्यात अडकून तुटले, हे मला आजही आठवतं. मग ते मी फोडलं. बाकीच्या पाचांना एकेक घाव लागला होता, ह्याला मी तीन घातले.

पंचांनी तुकडा खिशात ठेवला. “ताई, तुम्ही केलंत ते ठीक,” ते म्हणाले, “पण हेल्मेटाशिवाय मी एकीलाही सोडणार नाही. नियम आहे.”

“किती वेळ हाय?”

त्यांनी घड्याळ बघितलं. “अकरा मिनिटं.”

मी केळी खाणाऱ्या पोरांकडं वळले. “हेल्मेटं द्या रे.”

ती एकमेकांकडं बघायला लागली. एकानं आपल्या प्रशिक्षकाकडं बघितलं. तो विरुद्ध संघाचा, तासगावकडचा. तो कशाला मान हलवतोय?

“त्यांच्याकडं काय बघताय? तुमची शर्यत झाली. आता केळं खायला हेल्मेट लागतंय व्हय?” मी म्हटलं. “परत आणून देते. घामाचं असलं तरी चालंल. पण कुणी रंगवलेलं असलं तर देऊ नका!”

कुणीतरी हसलं आणि एक हेल्मेट माझ्याकडं आलं. मग दुसरं. मी प्रत्येकाच्या गाद्या वर करून आत बोट फिरवलं, मगच घेतलं. सहा झाली. सहा रंगांची, सहा मापांची. सगळ्यात शेवटचं, मोठ्ठं, अनुजाच्या वाट्याला आलं. पट्टा शेवटच्या छिद्रापर्यंत ओढला तरी ते हलत होतं. तिनं माझ्या हातून घेतलं नाही. मी ते तिच्या हँडलवर अडकवलं, मग तिनं घातलं.

शिट्टी झाली आणि त्या गेल्या.

पस्तीस-एक मिनिटांनी परत आल्या. राजश्री दुसरी आली. अनुजा पाचवी. शेवटच्या चढाला हेल्मेट डोळ्यांवर आलं, तिनं एका हातानं वर सारलं, पुन्हा आलं, पुन्हा सारलं, आणि तेवढ्यात दोघी पुढं गेल्या. हे मला राजश्रीनं सांगितलं. अनुजानं सायकल भिंतीला लावली, हेल्मेट त्या मुलाला नेऊन दिलं, त्याला ‘थँक्यू’ म्हणाली आणि माझ्या समोरनं निघून गेली.

भोकरे सर शेजारी येऊन उभे राहिले.

“कोणी पडलं नाही, मालनताई,” ते म्हणाले. “सहापैकी एकही नाही. साधं खरचटलंसुद्धा नाही. अनुजा आज तिसरी आली असती.”

“आली असती.”

“मग?”

“कुणी पडली असती तर हे म्हणायला तुम्ही असे माझ्याशेजारी उभे राहिला असता का, सर?”

ते गेले. त्या वर्षी सरांच्या ओळखीची सगळी कामं बंद झाली. मिरज रस्त्यावर ‘थिनरबाई’ हे नाव पडलं, ते आज बारा वर्षांनीही कुणी कुणी घेतं. घेऊ देत.

सोमवारी मी दुकान उघडलं नाही. लुगडं नेसले आणि पोरींच्या घरी गेले, एकेकीच्या. राजश्रीच्या बापानं मला बसाही म्हटलं नाही. एका घरी चहा मिळाला. एका घरी पोरीच्या आजीनं मला वाट्टेल तसं बोलून घेतलं आणि मी ऐकून घेतलं. प्रत्येक उंबऱ्याबाहेर उभं राहून मी माझी चूक सांगितली, माफी मागितली. हात जोडून.

पाच घरं झाली. सहावं आमचं.

अनुजा उंबऱ्यावर बसली होती, दोन्ही बाजूंना पाय पसरून, वाट अडवून. शर्यतीपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी आत जायला लागले तर हलली नाही. मग मी अंगणातच उभी राहिले आणि हात जोडले.

“तुझं हेल्मेट मी रंगवून बिघडवलं,” मी म्हटलं. “न वाचता थिनर लावला. माझं चुकलं.”

तिनं वर बघितलं. डोळे सुजलेले होते.

“आणि फोडलंस त्याचं?”

“त्याची माफी नाही मागणार.”

“मी तिसरी आले असते.”

“माहीत हाय मला.”

“तरी नाही?”

“तरी नाही. आज नाही, उद्या नाही. तू जन्मभर बोलली नाहीस तरी नाही.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मीही नजर हलवली नाही, आणि हात जोडलेलेही सोडले नाहीत. शेजारची बाई कुंपणावरनं बघायला लागली, तरी आम्ही दोघी तशाच.

मग अनुजानं एक पाय आत घेतला. उठली नाही, हसली नाही. पण एका माणसाला आत जाता येईल एवढी वाट झाली.